स्काय बेट एका दिवसात का होत नाही?

(स्कॉटलंडच्या हायलँड्स सहलीसाठी नाव नोंदवणाऱ्यांनी आधी वाचावे)

"मुक्काम एडिंबरालाच ठेवा, स्काय एका दिवसात करून येऊ," अशी मागणी दर हंगामात येते. एडिंबरा ते पोर्ट्री, म्हणजे स्कायचं मुख्य गाव, साधारण ३८० किलोमीटर. आकडा वाचून आपण मनात एक्सप्रेसवेचा हिशेब लावतो आणि तिथेच फसतो. न थांबता एका बाजूला साडेपाच तास लागतात. म्हणजे अकरा तास गाडीत, आणि ग्लेन्कोची दरी काय, आयलीन डॉननचा किल्ला काय, सगळं काचेतूनच.

बेटावर तर वेग आणखी उतरतो. बरेच रस्ते एका गाडीच्या रुंदीचे. मधूनमधून रस्ता थोडा रुंद केलेला असतो, ती 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी आली आणि ही जागा आपल्या डावीकडे असेल, तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल, तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. समोरचा तिथून वळसा घालून जाईल. उजवीकडे शिरायचं नाही. मागच्याला घाई असेल तर त्यालाही इथेच वाट द्या. फोटोसाठी इथे गाडी लावणं ही आपल्या लोकांची हमखास चूक. दोन्हीकडे गाड्या अडकतात.

म्हणून आम्ही स्कायला दोन रात्री देतो, आणि त्या कमी करत नाही. जाताना मॅलेग बंदरातून बेटावरच्या आर्माडेलला फेरीबोट, येताना बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पुलावरून आयलीन डॉनन, लॉक नेस सरोवराकाठचा अर्कहार्ट किल्ला आणि मग इन्व्हर्नेस. वाऱ्यामुळे फेरी रद्द झालीच तर पूल आहे. २००४ पासून त्यावर टोल नाही.

डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्कीचा कारखाना, दिवसाला एकच. स्कायवरच्या कार्बोस्टची टॅलिस्कर १८३० सालची. फेरफटक्याच्या जागा आधी घ्याव्या लागतात. स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालतं, इंग्लंडमध्ये ८०. तेव्हा स्वतः गाडी चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये. बऱ्याच ठिकाणी त्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, सुरुवातीलाच मागा. आमच्या सहलीत चालक आमचा असतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी कळवा. अनेक डिस्टिलऱ्या आठ वर्षांखालच्यांना भट्टीच्या भागात सोडत नाहीत.

डिसेंबरात पोर्ट्रीला पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि डनव्हेगन किल्ला हिवाळ्यात बंद असतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, पण खोल्यांची टंचाई. जून ते ऑगस्टच्या तारखा जानेवारीतच कळवा, म्हणजे पोर्ट्रीतच खोली बघता येते.