पिसवेचा घसा आणि राजाचा कर

करोनाच्या साथीनंतर एक विधान फार ऐकू येऊ लागलं आहे. चौदाव्या शतकातल्या प्लेगने म्हणे युरोपातली सरंजामशाही मोडली, मजुरांना चांगले दिवस आले, तेव्हा महासाथीतूनही समाजाचं भलंच होतं. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर सुरुवात पिसवेच्या घशापासून करायला हवी.

यर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जीवाणू मुळात उंदीर आणि त्याच्या भाऊबंदांचा. पिसू त्यांचं रक्त पिते, तेव्हा तो तिच्या पोटात जातो. पिसवेच्या अंगाचं तापमान भोवतालच्या हवेइतकंच, वीस-पंचवीस अंश. या तापमानाला जीवाणूची काही जनुकं कामाला लागतात आणि तो स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचा चिकट थर विणतो. पिसवेची अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते, आतून बारीक काट्यांनी भरलेली. चिकट जीवाणू नेमके त्या काट्यांत अडकतात, वाढतात आणि काही दिवसांत वाट बंद होते. पिसू रक्त ओढते, पण ते जठरापर्यंत पोचत नाही. गुठळीवर आपटून, जीवाणूंना सोबत घेऊन, ते परत जखमेत उतरतं. उपाशी पिसू पुन्हा चावते, आणखी चावते, आणि शेवटी भुकेनं मरते. तोवर जीवाणूचं काम झालेलं असतं.

खरी कमाल पुढेच आहे. माणसाच्या अंगात शिरताच तापमान ३७ अंश होतं. चिकट थर विणणं थांबतं आणि वेगळीच जनुकं चालू होतात. जीवाणूभोवती प्रथिनांचं कवच चढतं. सुईसारखी एक रचना तयार होते, तिच्यातून तो आपल्या भक्षक पेशींमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये, अशी प्रथिनं टोचतो की त्या लुळ्या पडतात. शिवाय त्याच्या बाह्य आवरणातला मेदरेणूही बदलतो. थंड पिसवेत या रेणूला मेदाम्लाच्या सहा शेपट्या असतात, उबदार माणसात चारच. आपल्या पेशींवरचा, जंतू ओळखणारा टीएलआर-४ हा रेणू सहा शेपट्या पाहिल्या की धोक्याचा इशारा देतो, चार शेपट्यांची त्याला फारशी दखलच घेता येत नाही. सुरुवातीला, कवच चढण्यापूर्वी, भक्षक पेशींनी गिळलेले जीवाणूही आत तग धरतात, आणि त्यांच्यामार्फत जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, त्याच जागी, त्याच कारणाने प्लेगची गाठ येते. औषध नसेल तर गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगचे जवळपास सगळेच.

यातलं काहीही चौदाव्या शतकात कुणाला ठाऊक नव्हतं. पिसवेवर बोट ठेवलं ते फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी, १८९८ मध्ये कराचीत, १८९६ साली मुंबईत दिसलेली साथ पसरत असताना. झडपेतली गुठळी तर बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवली. १३४८ मध्ये फ्रान्सच्या राजाने विचारल्यावर पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यांनी उत्तर दिलं ते असं: मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले, म्हणून हवा बिघडली. करोनाकाळात आपल्या फोनवर आलेले ग्रहयोगांचे संदेश याच जातीचे. अज्ञानाची दुसरी बाजू याहून भीषण होती. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं. तोवर त्या शहरात प्लेग पोचलाही नव्हता.

आता युद्धाकडे, कारण राजांना कर लागत होता तो त्यासाठीच. इंग्लंड आणि फ्रान्स १३३७ पासून लढत होते. १३४७ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी फ्रान्सचं कॅले बंदर घेतलं, मग तात्पुरता युद्धविराम झाला, आणि त्याच शरद ऋतूत जिनोआची जहाजं सिसिलीतल्या मेसिना बंदरात साथ घेऊन लागली. पुढच्या वर्षी ती लंडनमध्ये होती. तिथल्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतल्या दातांमधूनच २०११ मध्ये या जीवाणूचा जवळपास पूर्ण जनुकसंच वाचण्यात आला.

इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जमीन तेवढीच, राबणारे हात निम्मे. मजुरी वाढू लागली, आणि साथ चालू असतानाच, जून १३४९ मध्ये, राजा तिसऱ्या एडवर्डने ती साथीआधीच्या दराला बांधली. १३५१ च्या कायद्यात तर दरपत्रकच आहे: गवत वाळवणाऱ्याला दिवसाला एक पेनी, कापणीवाल्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात तीन. न ऐकणाऱ्यांसाठी गावोगाव खोडे उभारण्याचा हुकूमही त्यातच आहे.

लढाईला मात्र पैसा लागतच होता. पॉइटियेच्या लढाईत १३५६ मध्ये फ्रान्सचा राजा इंग्रजांच्या कैदेत पडला, लुटारू सैनिक मोकाट सुटले, आणि दोन वर्षांत पॅरिसभोवतीचे शेतकरी सरदारांच्या वाड्यांवर तुटून पडले. इंग्लंडमध्ये १३७७ पासून चार वर्षांत तीन वेळा डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, बसली, तिसऱ्या वेळी पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे बारा पेनी. जून १३८१ मध्ये केंट आणि एसेक्सचे लोक लंडनवर चालून गेले आणि त्यांनी राजाचा चान्सलर म्हणजे प्रमुख मंत्री, आर्चबिशप सडबरी याचं डोकं उडवलं. त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, चौदा वर्षांच्या राजाने दिलेली वचनं मागे घेतली गेली. तरी तशी डोईपट्टी पुन्हा लादायचं धाडस तिथे फार काळ झालं नाही. पुढच्या शतकात जमीनदारांनी वेठीऐवजी रोख खंडाने जमिनी दिल्या आणि वेठबिगारी विरत गेली.

पण हे भलं प्लेगने केलं म्हणावं, तर हाच जीवाणू इजिप्तमध्येही गेला होता, आणि माणसं तिथेही तशीच मेली. पण तिथल्या ममलूक सुलतानांच्या राजवटीत जमिनीचा वसूल कैरोत राहणाऱ्या लष्करी अमिरांच्या हाती होता. त्यांनी उरलेल्या शेतकऱ्यांकडून तेवढाच वसूल उकळायचा प्रयत्न केला आणि लोक गावं सोडून पळाले. नाईलचे बांध-कालवे दरवर्षी दुरुस्त करायला हजारो हात लागत, ते उरले नाहीत. कालवे गाळाने भरले, पिकं घटली, आणि मजुरांना इंग्लंडसारखे दिवस तिथे आलेच नाहीत.