वीस हजार शब्दांची बाई

‘बाई दिवसाला 20,000 शब्द बोलते, पुरुष जेमतेम 7,000’, खाली हसून लोळणाऱ्या तीन इमोजी. हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल, बहुधा एखाद्या काकांकडून.

हे आकडे गाजले ते 2006 साली, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ लुअॅन ब्रिझेंडिन यांच्या पुस्तकामुळे. त्यामागे कुणी केलेली मोजणी मात्र नव्हती. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी मूळ शोधायचा प्रयत्न केला, तर हाती काहीच लागेना. पुढच्या आवृत्त्यांतून आकडे गेले. फॉरवर्ड कुठला जायला!

मोजणी झाली ती ‘सायन्स’मध्ये 2007 साली छापून आली. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या 396 विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर. तो दर साडेबारा मिनिटांनी आपोआप 30 सेकंद चालू व्हायचा. कधी चालू झाला हे त्यांना कळत नसे, त्यामुळे शहाण्यासारखं गप्प बसायची सोय नव्हती. मुली सरासरी 16,215 शब्द, मुलगे 15,669. एवढ्याशा फरकाला संख्याशास्त्रात अर्थ नाही. सगळ्यात बडबड्या निघाला तो एक मुलगा, दिवसाला सुमारे 47,000 शब्दांचा धनी.

अर्थात सगळे कॉलेजचेच. 2025 मध्ये मोठ्या वयाचे लोकही घेऊन पुन्हा मोजलं, तेव्हा 25 ते 64 वयोगटात बायका दिवसाला सुमारे 3,000 शब्द जास्त बोलताना दिसल्या. म्हणजे काकांचं अगदीच चूक नाही. पण तिप्पट? आणि पारावरच्या गप्पा कुणी मोजायच्या?