शेताचं सपाटीकरण स्वतः करताय? ब्लेड नेण्याआधी एवढं वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

लेव्हलिंग ब्लेड, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं माती सरकवणारं पातं, आमच्याकडून भाड्याने नेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती तास लागतील?" हे माती किती हलवायची त्यावर ठरतं आणि त्याचा हिशोब घरी बसून करता येतो. एका गुंठ्यात, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांत, एक इंच माती काढली तर ती जवळपास ९१ घनफूट भरते. १०० घनफुटांचा ब्रास धरला तर एका ब्रासला थोडी कमी. १० गुंठ्यांचा उंचवटा ६ इंच खाली आणायचा म्हणजे ५४ ब्रास माती सरकवायची. म्हणून आमचा सल्ला असा, की अख्खं रान एका पातळीत आणू नका. उतार बघून दोन-तीन टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा वेगळा सपाट करा. डिझेलही वाचतं, मातीही वाचते.

पातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. शेतात २५-३० फुटांवर खुंट्या ठोका. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. चालताना दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून धरा, मोजताना सोडा. एक टोक पहिल्या खुंटीशी कायम ठेवा आणि दुसरं टोक एकेका खुंटीशी नेऊन पहिलीपेक्षा जमीन किती इंच वर किंवा खाली आहे ते वहीत लिहा. सगळ्या आकड्यांची सरासरी काढली की कुठली माती काढायची आणि कुठे भरायची ते कागदावरच दिसतं. पाटपाण्याच्या रानात पाणी जायच्या दिशेने १०० फुटांना २ ते ३ इंच उतार राखा. अगदी सपाट केलेलं भारी, म्हणजे काळ्या चिकण मातीचं रान पावसाळ्यात पाणी साचून चिबडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरची अर्धा फूट माती हीच तुमची खरी जमीन. सेंद्रिय कर्ब, जिवाणू, वर्षानुवर्षं टाकलेलं शेणखत, सगळं तिच्यात असतं. ब्लेड थेट उंचवट्यावर घातलं की हीच माती खड्ड्याच्या तळाशी गाडली जाते आणि उंचवट्याच्या जागी मुरूम उघडा पडतो. पुढे तेवढ्याच पट्ट्यात पीक पिवळं, गुडघ्याएवढं राहतं आणि दोष बियाण्याला दिला जातो. म्हणून आधी वरची माती, उंचवट्यावरची आणि खड्ड्यातलीही, ओढून बाजूला ढीग घाला. मग खालचा थर सपाट करा आणि शेवटी तीच माती पुन्हा वर पसरा. काम वाढतं खरं, पण ते टाळू नका. माती काढलेल्या पट्ट्यात पहिल्या वर्षी शेणखत जास्त टाका आणि शक्य असेल तर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा.

भराव एकदम टाकू नका. ५-६ इंचांचा थर टाकून ट्रॅक्टर फिरवा, मग पुढचा थर. तरीही तो पावसात खाली बसतो. फूटभर भरावाला २ इंच जादा उंची ठेवा.

ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर माती दाबून दगड होते, आणि मे महिन्यातल्या वाळल्या रानात नुसती ढेकळं निघतात. रब्बी निघाल्यावर किंवा वळवानंतर वापशावर, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी असताना, काम करा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. तो फुटला तर वापसा आहे.

बांधाला ब्लेड लावू नका. हद्दीच्या खुणा हलवल्या तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे दंड होतो, आणि शेजाऱ्याशी वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. निघालेला मुरूम विकायचा असेल तर आधी तहसील कार्यालयाची परवानगी घ्या. जादा पाण्याला सर्वांत खालच्या कोपऱ्यात दगडी सांडवा करा, नाहीतर पहिला मोठा पाऊस नवा बांध फोडून नेतो.

एक कळकळीची विनंती. शेवटी रान सारखं करायला ट्रॅक्टरमागे फळी ओढतात. ती फळी मारताना वजन म्हणून तिच्यावर माणूस उभा करू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका. तोल गेला की माणूस थेट फळीखाली येतो. वाळूची पोती बांधा. आम्ही फळीसोबत रिकामी पोती आणि दोर देतो.

पहिल्या पावसानंतर शेतात फेरी मारा. जिथे पाणी साचलं असेल तिथे काठ्या रोवून ठेवा. पुढच्या हंगामाआधी तेवढेच खळगे भरायचे असतात, त्याला ब्लेड लागत नाही, फळी पुरते.