हॅरी जेम्स : युद्धकालीन ध्वनिमुद्रणे व त्यांची पुनर्प्रकाशने

अमेरिकन ट्रम्पेटवादक व स्विंग (नृत्याला साजेसा जॅझ) वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे प्रमुख हॅरी हाग जेम्स (१५ मार्च १९१६–५ जुलै १९८३) यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, मुख्यतः १९४२ ते १९४५ मधील ध्वनिमुद्रणांचा पुढे लाँग प्ले, कॅसेट व सीडीवर निघालेला साठा. ‘पुनर्प्रकाशन’ हा शब्द येथे जरा फसवा आहे. यातली काही गाणी युद्ध चालू असतानाच दुसऱ्यांदा विकायला आली होती. बरेचसे वादन मात्र मुळात विक्रीसाठी नव्हतेच. त्याचे पुनर्प्रकाशन म्हणजे खरे तर पहिलेच प्रकाशन.

जेम्स सर्कशीत वाढले. वडील सर्कशीच्या बँडचे प्रमुख, आई कसरतपटू आणि मधले नाव ‘माइटी हाग’ या सर्कशीवरून. १९३७ मध्ये ते बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. बँडच्या तंबूतली दणदणीत, धारदार फुंक त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. संथ प्रेमगीतात मात्र ते सुराला इतके मोठे आंदोलन देत की जॅझचे कडवे रसिक नाक मुरडत. १९४१ च्या ‘यू मेड मी लव्ह यू’पासून ही तक्रार सुरू झाली, आणि ती अगदीच खोटी नाही. पण याच गोडव्याने त्यांना देशभर घराघरांत पोहोचवले.

वाद्यवृंद लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच स्टुडिओची दारे बंद झाली. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून सभासदांना रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवण्यास मनाई केली. रेडिओ आणि नाणे टाकून चालणारे ज्यूकबॉक्स रेकॉर्ड वाजवून काम भागवतात, त्यामुळे जित्या वादकांची पोटे मारली जातात, तेव्हा कंपन्यांनी बेकार वादकांच्या निधीसाठी दर रेकॉर्डमागे पैसे द्यावेत, ही मागणी होती. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, पण जेम्स ज्या कंपनीत होते ती कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिली. मनाईच्या आदल्या दिवशी, ३१ जुलैला, या वाद्यवृंदाने हेलन फॉरेस्ट यांच्या आवाजात ‘आय हॅव हर्ड दॅट साँग बिफोर’ मुद्रित करून ठेवले होते. १९४३ मध्ये ते अनेक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

दुसरी अडचण कच्च्या मालाची होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डमध्ये लाख लागे आणि ती प्रामुख्याने भारतातून, छोटा नागपूरच्या पट्ट्यातल्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरून जाई. जपान युद्धात उतरल्यावर सागरी वाहतूक धोक्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी युद्ध-उत्पादन मंडळाने रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. मोड देऊन नवे भांडे घ्यावे तशी जुनी रेकॉर्ड देऊन नवी घेण्याची पद्धत अनेक दुकानांत आली.

नवे मुद्रण नाही म्हटल्यावर कोलंबियाने जुनी कपाटे उघडली. ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ हे गाणे ३१ ऑगस्ट १९३९ रोजी मुद्रित झालेले. तेव्हा रेकॉर्डवर हॅरी जेम्स हे नाव मोठे होते आणि फ्रँक सिनात्रा नावाच्या नवख्या गायकाचे बारीक अक्षरांत. रेकॉर्ड फारशी खपली नव्हती. १९४३ पर्यंत सिनात्रांच्या नावावर तरुण मुली रांगा लावू लागल्या होत्या. कंपनीने तीच रेकॉर्ड गायकाचे नाव ठळक करून पुन्हा काढली आणि खप दहा लाखांवर गेला. १९४१ मध्ये डिक हेम्स यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘आय विल गेट बाय’ १९४४ मध्ये असेच पुन्हा निघून पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मुद्रणबंदीचा हा संप वादकांच्या हितासाठी होता, पण त्यात गायक मोठे झाले आणि वाद्यवृंद त्यांच्या मागे गेले. ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ या एका रेकॉर्डच्या दोन लेबलांवर तो बदल वाचता येतो.

मनाई रेडिओला लागू नव्हती, म्हणून या सव्वादोन वर्षांतले जेम्स शोधायचे तर रेडिओकडेच जावे लागते. वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर सैन्यात गेल्यावर चेस्टरफील्ड सिगारेटचा रेडिओ-कार्यक्रम सप्टेंबर १९४२ मध्ये जेम्स यांच्याकडे आला. शिवाय सशस्त्र दलांची रेडिओ सेवा नृत्यगृहांतले कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर मुद्रित करून, जाहिराती कापून, छावण्यांकडे धाडत असे. सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्क ऑक्टोबर १९४३ पासून निघाल्या. १२ इंची व्ही-डिस्कच्या एका बाजूवर सहा मिनिटांहून अधिक संगीत मावे आणि त्या बहुतांशी व्हिनाइलच्या असल्याने बोटीच्या प्रवासात लाखेच्या रेकॉर्डसारख्या फुटत नसत. पेट्रिलोंनी परवानगी दिली ती बाजारात न विकण्याच्या आणि शेवटी मूळ साचे नष्ट करण्याच्या अटीवर. १९४९ मध्ये योजना संपल्यावर साचे मोडले गेले. तरीही जवानांच्या पेट्यांतून घरी आलेल्या प्रती उरल्या, आणि पुढच्या पुनर्प्रकाशनांना त्यांचाच मोठा आधार झाला.

या प्रतींवरून नवे मुद्रण करणे कष्टाचे असते. अ‍ॅल्युमिनियम युद्धाकडे वळल्याने प्रक्षेपण टिपण्याच्या तबकड्यांचा लॅकरचा थर तेव्हा धातूऐवजी काचेवर चढवत. हातातून निसटली की तबकडी गेली. लाँग प्लेची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि निव्वळ खरखर ऐकवते, म्हणून जवळपास तिप्पट जाड सुई लागते. वेगही नेमका पकडावा लागतो. सहा टक्क्यांची चूक झाली तरी सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाते. साठच्या दशकात मोनो मुद्रणांना कृत्रिम स्टिरिओ करण्याची टूम निघाली होती. एका कानात खर्ज, दुसऱ्यात तार आणि वर प्रतिध्वनी. त्या रेकॉर्ड टाळाव्यात. खरखर पार पुसणाऱ्या काही सीडीही तितक्याच वाईट, कारण खरखरीबरोबर ट्रम्पेटच्या भोंग्यातला वारा जातो आणि ओठांचा पहिला ठोसा बोथट होतो. थोडी खरखर राहू दिलेली प्रत बरी.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वॉली हायडर यांच्या हाइंडसाइट कंपनीने ‘अनकलेक्टेड’ मालिकेत १९४३–४६ मधले जेम्स प्रसिद्ध केले, तेव्हा संपाच्या काळातला हा वाद्यवृंद सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात मिळू लागला. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क तेव्हा ५० वर्षांचा असल्याने नव्वदच्या दशकात तिथल्या छोट्या कंपन्यांनी सीडींचा पूर आणला. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्यानुसार १९२३–४६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण आहे. भारतात ही मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे आहे.

कॅपिटॉल कंपनीचा १९५५ चा ‘हॅरी जेम्स इन हाय-फाय’ हा संच अनेकदा याच साठ्यात धरला जातो. त्यात तीच गाणी आहेत, हेलन फॉरेस्टही आहेत, पण मुद्रण १९५५ चे आहे.