नव्या घराची बाग: सुरुवात मातीपासून

घर बांधून पूर्ण झाले की भोवतीच्या मोकळ्या जागेत कोणती झाडे लावायची, याची चर्चा लगेच सुरू होते. त्या जागेतील मातीने बांधकामाच्या काळात काय सोसले आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. निरोगी मातीच्या आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ्यांचा असतो आणि त्यांतील हवा व पाणी यांवरच मुळे जगतात. अवजड वाहनांच्या आणि विटा-वाळूच्या राशींच्या भाराने आधी मोठ्या पोकळ्या दबतात, आणि पाण्याचा निचरा होतो तो प्रामुख्याने त्यांच्यातूनच. अशा जमिनीवर चांगल्या मातीचा पातळ थर पसरला तर हिरवळ काही काळ छान दिसते. खाली मात्र मुळांना वाट मिळत नाही.

सिमेंटचा राडारोडा मातीत पुरला गेला असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. ताज्या सिमेंटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ च्या वर असतो, तर बहुतेक बागझाडांना ६ ते ७ सामूची माती मानवते. सामू वाढला की मातीतले लोह मुळांना शोषता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा नेहमीचे खत वाढवून काहीच साधत नाही, राडारोडाच उपसावा लागतो.

निचरा तपासण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा आणि फावड्याने गुळगुळीत झालेल्या त्याच्या कडा खरवडाव्यात, कारण त्या चोपड्या थरातून पाणी नीट मुरत नाही. खड्डा एकदा भरून रिकामा होऊ द्यावा आणि पुन्हा भरून पातळी मोजावी. तासाला दोन ते पाच सेंटिमीटर पाणी उतरले तर चिंता नाही. त्याहून फारच कमी उतरले, तर माती ओलसर असताना (चिखल असताना मुळीच नव्हे) खोलवर मोकळी करून तीत कुजलेले खत मिसळावे. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने माती अधिकच घट्ट होऊ शकते.

जमिनीचा उतार घरापासून दूर, पहिल्या तीन मीटरांत सुमारे १५ सेंटिमीटर, असावा. मोठ्या झाडांची जागा पूर्ण वाढीचा विचार करूनच ठरवावी, कारण ओलाव्याने फुगणाऱ्या मातीतून मुळे पाणी शोषू लागली की ती माती आकसते आणि त्यासोबत पायाही खचू शकतो.