रताळं आणि सोडा: कोरियन वेबटूनमधली पात्रं बदलत गेली ती कशी

सोलो लेव्हलिंग या कोरियन वेबटूनचं (वेबटून म्हणजे इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने वाचायचं कॉमिक) अ‍ॅनिमे बघून झालं की बरेच जण विचारतात की हे कोरियन हिरो एवढे फटाफट ताकदवान कसे काय होतात, यांना मन वगैरे काही असतं की नाही. असतं हो, पण ती गोष्ट जरा मागून सांगावी लागते. कोरियात पात्र किती बदलणार आणि किती वेळात बदलणार हे एकट्या लेखकाच्या हातात कधीच नव्हतं, वाचक कुठे बसून वाचतोय, पैसे कसे देतोय आणि किती थांबायला तयार आहे यावर ते ठरत आलंय.

वेबटूनच्या आधी तिथे मानह्वाबांग होते, म्हणजे भाड्याने कॉमिक्स घेऊन तिथेच बसून वाचायच्या खोल्या. तिथला मोठा स्टार म्हणजे ली ह्यून-से यांचा ओ हे-संग, टोपणनाव काची, म्हणजे मॅगपाय पक्षी. १९८२ ला कोरियात प्रोफेशनल बेसबॉल लीग सुरू झाली आणि १९८३ मध्ये ली यांची बेसबॉलवरची मालिका आली, कुणाला नको असलेले खेळाडू एका बेटावर नेऊन एक कोच त्यांना मरेस्तोवर रगडतो, अशी. तुफान चालली. पण गंमत अशी की काची फक्त त्याच गोष्टीत नव्हता. तोच विस्कटलेल्या केसांचा चेहरा पुढच्या गोष्टीत वेगळ्याच धंद्यात, समोर पुन्हा तीच ओम-जी नावाची मुलगी. नट जसा एकामागून एक पिक्चर करतो तसं. त्यामुळे पात्राचा प्रवास असायचा, पण पुस्तक संपलं की पाटी कोरी, आणि वाचकालाही ते खटकत नव्हतं कारण तो काचीला भेटायला आलेला असायचा.

१९९७ मात्र या धंद्याला फारच वाईट गेलं. अल्पवयीनांच्या संरक्षणाचा कायदा आला, खुद्द ली ह्यून-से यांच्यावर एका मालिकेवरून अश्लीलतेची केस झाली (सुटले ते थेट २००३ मध्ये, सुप्रीम कोर्टातून), आणि वर्षाच्या शेवटी आर्थिक संकट आलं. नोकऱ्या गेलेल्या लोकांनी गल्लोगल्ली भाड्याने पुस्तकं द्यायची दुकानं टाकली, मग विकत कोण घेणार.

त्याच सुमारास घरोघरी ब्रॉडबँड पोचत होतं आणि काही जण आपल्या होमपेजवर चार-पाच चौकटींचं रोजचं काहीबाही काढून टाकायला लागले. स्नोकॅट नावाचं एक मांजर होतं ज्याला घरातून बाहेर पडायचाच कंटाळा. मरीन ब्लूज मध्ये चित्रकाराने स्वतःला चक्क समुद्री अर्चिन केलं होतं, ते काटेरी गोळ्यासारखं असतं ना ते. गोड प्रकार, पण यातलं कुणी बदलत नाही. बदलायची गरजच नव्हती, डायरीतला माणूस काल होता तसाच आज असतो आणि वाचक त्यासाठीच येतो.

खरी उडी २००३ मध्ये. दाऊम या पोर्टलने कॉमिक्सचा वेगळा विभाग काढला आणि तिथे कांग फुल नावाच्या माणसाने ऑक्टोबरपासून एक प्रेमकथा सुरू केली, तीस वर्षांचा ऑफिसात जाणारा माणूस आणि त्याच्याच बिल्डिंगमधली शाळकरी मुलगी, भेट होते लिफ्टमध्ये. (आज वयाचा हा फरक वाचताना अवघडायला होतं, ते बाजूला ठेवू.) याआधी कांग फुल शी-सू वाल्या विनोदी पट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते आणि चित्रकला बेताचीच हे ते स्वतःच कबूल करतात. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, सुरू करायच्या आधीच पूर्ण पटकथा लिहून ठेवायची, म्हणजे पात्र शेवटी कुठे पोचणार हे पहिल्या एपिसोडलाच नक्की. दुसरं, पानं टाकून देऊन उभी लांबलचक पट्टी. दोन चौकटींमध्ये मोकळी पांढरी जागा सोडली की वाचक माऊसचं चाक फिरवत बसतो आणि तेवढा वेळ पात्र नुसतं गप्प असतं. छापील पानावर एवढी जागा वाया घालवायला संपादकाने कधी दिली असती. त्या गप्प बसण्यात माणूस मनात काय ठरवतोय ते कळायला लागलं आणि माझ्या मते वेबटूनमधलं पात्र घडवणं म्हणतात ते तिथून सुरू होतं.

नेव्हर हे दुसरं पोर्टल २००४ मध्ये मैदानात उतरलं आणि आठवड्याचा वार ठरलेला, वर्षानुवर्षं चालणारा हप्ता पक्का झाला. चो सोकची विनोदी मालिका २००६ ते २०२० चालली, तब्बल १२२९ एपिसोड! आणि प्रत्येक एपिसोडच्या खाली कमेंट, त्यात सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट सगळ्यात वर. म्हणजे पात्राने चूक केली की दहा मिनिटांत लाखो लोकांसमोर पंचनामा. २०१० मध्ये सुरू झालेलं चीझ इन द ट्रॅप या पंचनाम्यावरच पोसलं गेलं. हाँग सोल ही कॉलेजातली मुलगी आणि तिचा सीनियर यू जंग, वरून अगदी सज्जन, पण तिचे खाली पडलेले कागद त्याने पायाने उडवले हे तिला आठवतंय आणि आता तोच जेवायला चल म्हणून मागे लागलाय. गोष्ट मागच्या वर्षात आणि या वर्षात उड्या मारते, त्यामुळे तो बदलतोय का फक्त आपल्याला जास्त कळतंय हे कळत नाही, आणि लोक २०१७ पर्यंत त्यावर भांडले. २०१६ ला त्यावर टीव्ही ड्रामा आला त्यात शेवटी शेवटी यू जंगलाच बाजूला सारलं तेव्हा वाचक जे भडकले ते उगाच नाही, पाच-सहा वर्षं ज्याचं मन उलगडायची वाट बघितली तोच गायब.

टॉवर ऑफ गॉड पण २०१० चंच. बाम हा भाबडा पोरगा, जगात फक्त रेचलला ओळखतो, तिच्यामागे टॉवरमध्ये शिरतो, आणि पहिल्या सीझनच्या शेवटी तीच त्याला खाली ढकलते. आता कुणीही असतं तर दुसरा सीझन बामच्या सूडाने सुरू केला असता. इथे सुरुवात होते वांगनान नावाच्या भलत्याच पोराने, जो विसाव्या मजल्यावर परीक्षेत आपटतोय, आणि मग त्याच्या समोर एक लांब केसांचा, कुणाशी न बोलणारा, भीती वाटावी असा मुलगा येतो, नाव व्हिओले. तो बाम आहे. मधली वर्षं आपल्याला दाखवलीच नाहीत, बदल झालेला माणूस परक्याच्या नजरेने दाखवला, आणि हप्त्याने वाचणाऱ्याला तो धक्का जास्तच बसला असणार कारण त्याच्या डोक्यात जुना बाम होता.

मग २०१२ मध्ये यून ते-हो यांचं मिसेंग. जांग गुरे लहानपणापासून बादुक शिकला (बादुक म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा गो), प्रोफेशनल होऊ शकला नाही, आणि आता वशिल्याने ट्रेडिंग कंपनीत इंटर्न, फोटोकॉपीपासून सगळ्यात कच्चा. प्रत्येक एपिसोडच्या डोक्यावर १९८९ च्या इंग कप या बादुक स्पर्धेच्या फायनलच्या शेवटच्या डावातली एक चाल असते, चो हुन-ह्यून विरुद्ध चीनचे न्ये वेइपिंग, १४५ चालींचा डाव. म्हणजे एक चाल, एक एपिसोड. मुलगा एका रात्रीत हुशार होत नाही, एका वेळी एक सोंगटी सरकते, आणि शेवटी तो पर्मनंटही होत नाही. नोकरदार लोकांनी याला डोक्यावर घेतलं यात नवल नाही.

इथवर वाचन बहुतेक फुकट होतं. २०१४ मध्ये काकाओपेज या वाचनाच्या अॅपने थांबलात तर फुकट अशी योजना आणली, ठरलेला वेळ थांबा की एक एपिसोड उघडतो, नाहीतर पैसे टाका. इथे गणित फिरलं. एपिसोडच्या शेवटी हिरो मार खाऊन पडलेला असेल तर पुढचा विकत घ्यायचा का, हा खिशाचा प्रश्न झाला. कोरियन वाचकांचे यासाठी दोन शब्द आहेत, गोगुमा म्हणजे रताळं आणि साइदा म्हणजे आपला लिंबू सोडा. कोरडं रताळं खाल्लं की घशात तोठरा बसतो ना, तसं हिरो गप्प राहिला, अन्याय सहन करत बसला की रताळं. खलनायकाला एका फटक्यात झोपवला की सोडा. (आपल्याकडे रताळ्या ही शिवी आहे, अशा हिरोला ती पण चालेल.) पण पात्राची वाढ बहुतेक वेळा रताळ्यातच होते, हीच तर पंचाईत.

सोलो लेव्हलिंगने त्यावर काढलेला तोडगा भन्नाट होता. मूळ चुगोंगची वेब कादंबरी, २०१८ ते २०२१ वेबटून, चित्रं जांग संग-राक यांची. सर्वात खालच्या ई रँकचा सुंग जिनवू मरता मरता वाचतो आणि त्याला हवेत एक खिडकी दिसायला लागते, त्यात ताकद इतकी, चपळाई इतकी, बक्षिसात एवढे पॉइंट. पीसी बांगमध्ये, म्हणजे तिथल्या गेमिंग कॅफेत, गेम खेळत मोठी झालेली पिढी वाचतेय, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. बदल आता आकड्यात दिसतो, दर हप्त्याला थोडा सोडा मिळतो. मी स्वतः दोन रात्रीत संपवलंय त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही, पण सुरुवातीचा घाबरट, हॉस्पिटलमधल्या आईसाठी जीव धोक्यात घालणारा जिनवू मला शेवटच्या थंड जिनवूपेक्षा जास्त लक्षात आहे.

याच्याही पुढे गेले ते भूतकाळात परतणारे हिरो. आधी एक आयुष्य जगून, फसून, मरून झालेलं, आता सगळं आठवत असताना तरुणपणी परत. म्हणजे शहाणपण पहिल्या एपिसोडच्या आधीच येऊन गेलेलं, रताळं वाचकाला खावंच लागत नाही. ऑम्निशियंट रीडर्स व्ह्यूपॉइंट हे वेबटून या प्रकाराला आतून चिमटा काढतं. त्यातला परतणारा हिरो यू जुंग-ह्योक आहे, पण गोष्ट त्याची नाही, त्याच्यावरची ३१४९ प्रकरणांची कादंबरी शेवटपर्यंत वाचणाऱ्या एकट्या किम दोकजाची आहे, आणि दोकजा या शब्दाचा कोरियनमध्ये अर्थ वाचक असाही होतो आणि एकुलता एक मुलगा असाही.

आणि याच सोड्याच्या दिवसांत, ऑगस्ट २०२३ मध्ये, कांग फुल यांच्या २०१५ च्या मूव्हिंग या वेबटूनची वीस भागांची सिरीज आली, पटकथा त्यांनी स्वतःच लिहिलेली. पहिले सात भाग उडता येणाऱ्या आणि जखमा आपोआप भरणाऱ्या पोरांचे, आणि आता काहीतरी फोडाफोडी होणार असं वाटत असताना आठव्यापासून गोष्ट उठते आणि त्यांच्या आईबापांच्या तरुणपणात जाऊन बसते, ते प्रेमात कसे पडले, नोकरीत कुणी वापरून घेतलं, लपून का राहावं लागलं, सगळं सावकाश.