एकाच पेशंटला जिस्ट आणि दुसरा कॅन्सर, हे लक्षात यायला एवढी वर्षं का लागली

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या बोटाला जठराच्या बाहेरून वाटाण्याएवढी पांढरट, टणक गाठ लागते आणि पहिला विचार येतो की झालं, कॅन्सर पसरला. गाठ लॅबला जाते, मायक्रोस्कोपखाली लांबट, टोकाला निमुळत्या पेशी दिसतात, सीडी ११७ या प्रथिनाचा स्टेन तपकिरी उठतो, म्हणजे हा पसरलेला कॅन्सर नाहीच, वेगळाच ट्यूमर आहे, जिस्ट, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारा गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर.

पूर्वी हे कळणारच कसं, कारण जिस्ट हे नावच नव्हतं. पचनमार्गाच्या भिंतीत अशी गाठ सापडली की स्नायूची समजून लायोमायोमा (स्नायूची साधी गाठ) नाहीतर लायोमायोसार्कोमा (स्नायूचा कॅन्सर) लिहून टाकायचे. १९७७ मध्ये कार्नी यांनी तरुण मुलींमध्ये जठर, फुफ्फुस आणि पॅरागँग्लिऑन (नसांशी जोडलेले पेशींचे छोटे पुंजके) अशा तीन ठिकाणच्या गाठी एकत्र येतात हे मांडलं, तेव्हाही जठरातली गाठ स्नायूचीच धरली होती. १९८३ मध्ये मझूर आणि क्लार्क यांना यातल्या बऱ्याच गाठींत स्नायूची खूणच दिसेना, म्हणून त्यांनी नुसतं 'स्ट्रोमल ट्यूमर' म्हटलं. खरा उलगडा १९९८ चा, जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टमध्ये किट जीनमधलं म्युटेशन दाखवलं, सीडी ११७ हे याच जीनचं प्रथिन. मग २००० मध्ये हेलसिंकीत पहिल्या पेशंटला इमॅटिनिब हे किटचं प्रथिन रोखणारं औषध दिलं, गाठी आक्रसल्या, आणि ज्या आजारात केमो जवळपास चालायचीच नाही त्याला गोळी मिळाली म्हटल्यावर सगळेच जिस्ट नीट शोधायला लागले, लॅबमध्ये मेणात जपलेले जुन्या गाठींचे ब्लॉकसुद्धा काढून परत तपासले.

तेव्हा कुठे दुसऱ्या कॅन्सरची मोजदाद सुरू झाली. २००६ च्या एका आढाव्यात हे प्रमाण ४.५ पासून ३३ टक्क्यांपर्यंत निघालं, एवढा फरक का तर किती बारकाईने शोधलं त्यावर आकडा ठरतो असं मला वाटतं. त्याच वर्षी जपानमध्ये कॅन्सरसाठी काढलेली १०० जठरं बारीक काप करून बघितली तर ३५ मध्ये सूक्ष्म जिस्ट! म्हणजे काही वेळा दोन्ही नुसते योगायोगानेही एकत्र सापडणार. पण सगळंच योगायोगावर ढकलता येत नाही, २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर रजिस्ट्रीतल्या ६,११२ जिस्ट पेशंटपैकी १७.१ टक्क्यांना दुसरा कॅन्सर होता, कुणाला आधी, कुणाला नंतर, आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा हे जास्तच होतं.

म्हणूनच दोन्ही आजार असलेल्या पेशंटच्या लिव्हरवर डाग दिसला तर बायोप्सी टाळू नये, कारण आतड्याच्या कॅन्सरला इमॅटिनिब लागू पडत नाही आणि जिस्टला नेहमीची केमो.